विहीणबाईंनी दिलेलं जांभळं फूल

«ताई, नमस्कार. शाळेतून निवृत्त झाल्यावर मखमलाबादच्या घरामागे हौसेनं हौद बांधला. 14 बाय 9 फूट, अडीच फूट खोल. तळाला सहा इंच काळी माती घालून कमळाचा कंद लावला, गप्पी आणि गोल्डफिश सोडले. दिवाळीनंतर पिंपळगावच्या विहीणबाई आल्या, त्यांनी आपल्या शेततळ्यातली जांभळ्या फुलांची दोन रोपं आणून दिली. आता मे लागला आणि हौदात पाणीच दिसत नाही. त्या रोपांच्या फटीफटीतून टिकल्यांसारखं हिरवं काहीतरी पसरलंय. एका कोपऱ्यात बाजरीसारखी कणसं येणारं उंच गवत उगवलंय. पहाटे मासे तोंड वर काढून असतात, गेल्या आठवड्यात तीन मेले. शेजारचे डासांवरून बोलून दाखवतात. माळी म्हणतो तणनाशक मारू, मुलगा म्हणतो सगळं उपसून मागच्या नाल्यात टाकू. मी दर महिन्याला शेणखत घालते, घरचं निर्माल्यही हौदातच जातं, तरी कमळाला एक कळी नाही. आणि जूनमध्ये विहीणबाई पुन्हा येणार आहेत. त्यांची रोपं दिसली नाहीत तर काय सांगू? – एक वाचक, मखमलाबाद»

ताई, विहीणबाईंचा प्रश्न मी शेवटी घेते, कारण मासे तोवर थांबणार नाहीत.

पहाटे ते तोंड वर काढतात ते भुकेनं नव्हे, त्यांचा श्वास कोंडतोय. हौदाच्या पाण्यात प्राणवायू येतो तो वारा लागून वरून, नाहीतर ऊन पोचलं तर पाण्याखालच्या शेवाळाकडून. तुमच्या हौदावर सतरंजी अंथरल्यासारखं झालंय, दोन्ही वाटा बंद. खाली जे कुजतंय ते मात्र रात्रभर प्राणवायू खातंय. त्यात मे महिना, गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. म्हणून आज संध्याकाळीच हौदाचा एक तृतीयांश भाग मोकळा करा. कारंज्याचा छोटा पंप मिळतो तो आणा आणि रात्री चालवा. लोक तो पाहुण्यांसाठी दिवसा चालवतात, माशांना गरज असते रात्रीची.

सगळा हौद एका दिवसात उपसायचा मोह होईल. तो आवरा. तळाचा गाळ ढवळला गेला की त्यातला कोंडलेला वायू बाहेर येतो आणि उरलेले मासेही जातात. शिवाय इतकं खत खाल्लेल्या पाण्यावर एकदम कडक ऊन पडलं तर आठवड्याभरात ते मुगाच्या कढणासारखं हिरवं होतं. तीन हप्ते करा, मध्ये चार-पाच दिवस सोडून.

आता ती जांभळी फुलं. ती जलपर्णी आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली, आणि जगभर पसरली ती फुलांच्या मोहानंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बंगालमध्ये आली तीही बागेत मिरवायला. म्हणजे विहीणबाईंनी काही जगावेगळं केलेलं नाही. उबदार, खतावलेल्या पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. दोनाची चार, चारची आठ असं मोजत गेलात तर दहाव्या खेपेला आकडा 2048 वर जातो. थंडीत तिचा वेग मंदावतो. निफाडकडे पारा उतरतो तेव्हा आपल्याकडेही ती गारठून बसते, म्हणून जानेवारीत तुम्हाला ती गुणी वाटली असणार. मार्चपासून तिनं वसुली केली. अर्धा हौद झाकला तेव्हा तुम्ही म्हणाला असाल, अजून अर्धा मोकळा आहे की. तो अर्धा म्हणजे फक्त पुढची एक खेप होती.

काढायची कशी ते सांगते, कारण ओढाताण केली की ती तुटते आणि तुकडा पुन्हा रोप होतो. हौदाच्या कडेला बसा, हात कोपरापर्यंत पाण्यात घाला आणि रोप खालून, मुळांसकट उचला. देठाचे फुगीर भाग दाबून बघा, आत स्पंजासारखं असतं, फटकन आवाज येतो; त्या हवेवरच ती तरंगते. एका रोपाच्या बुडातून पांढरट, पेन्सिलीएवढा जाड धागा निघून पुढच्या रोपाला जाऊन मिळतो. त्या धाग्याच्या मागोमाग हात न्या, दहा-बारा रोपांची माळच्या माळ हाती लागेल. मुळं काळसर, पिसासारखी. पाण्याबाहेर काढलीत की त्यांत वळवळ दिसेल: गोगलगायी, पाणकिडे, आणि नशीब चांगलं असेल तर मातकट रंगाची, सहा पायांची, जरा उग्र दिसणारी पिल्लं. ती चतुर आणि टाचणी या उडणाऱ्या किड्यांची. डासांच्या अळ्यांवर जगतात. त्यांना कचऱ्यात घालवू नका. काढलेला ढीग हौदाच्या काठावर, पाण्याकडे उतार करून पसरलेल्या गोणपाटावर रात्रभर राहू द्या. ज्यांना परत जायचंय ते जातात. सकाळी उरलेलं उचला.

उचललेलं गच्चीवर किंवा पत्र्यावर उलटं, मुळं वर करून वाळत घाला. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. नाशिकच्या मे महिन्यात आठ-दहा दिवसांत चार घमेली ढिगाचं एक घमेलं होतं, आणि तेही कागदासारखं हलकं. मग वाळलेल्या पाल्याबरोबर कंपोस्टात थर द्या किंवा आंब्याच्या बुडाशी आच्छादन करा. ओलं असताना मातीवर टाकू नका, ओल मिळाली तर ती तिथेही धुगधुगी धरून राहते. हे घरच्या हौदातल्या रोपांपुरतं खरं. नदीतून काढलेली जलपर्णी भाजीच्या वाफ्यात कोणी घालायला सांगितली तर घालू नका, सांडपाण्यातले जड धातू ती मुळांत साठवून घेते.

आणि फुलं आधी खुडा. फूल सुकलं की त्याचा दांडा स्वतःहून वाकतो आणि बी पाण्यात नेऊन ठेवतो. ते बी गाळात 15-20 वर्षं जिवंत राहू शकतं. तुमच्या हौदात ते पडलेलं आहे असं धरूनच चाला. पुढच्या उन्हाळ्यांत पाणी उतरून कडेचा चिखल उघडा पडला की त्यावर गवताच्या पात्यांसारखे कोवळे कोंब येतील. ते दोन बोटांत धरून उपटण्याएवढे असतानाच काढलेत तर काम पाच मिनिटांचं.

मुलाला सांगा, नाल्यात नाही. एकही रोप नाही. आपल्याकडचे नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात, आणि गोदापात्रातली जलपर्णी तुम्ही अहिल्याबाई होळकर पुलावरून डोळ्यांनी पाहिली असेलच. तिथून ती थांबत नाही. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा. हिवाळ्यात तिथे दुर्बिणी घेऊन जाणारे आपणच, आणि वरून रोपं सोडणारेही आपणच. मी हे उंचावरून बोलत नाहीये. पूर्वी मीसुद्धा जास्तीची रोपं घमेल्यात भरून घरामागच्या ओहोळात सोडली होती, वर पाण्यात सोडल्याचं पुण्य मिळवल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात तो ओहोळ तुंबला तेव्हा घमेलं कोणाचं होतं ते फक्त मला माहीत होतं.

मुद्दाम टाकलं नाही तरी पावसात हौद भरून वाहतो तेव्हा रोपं वाहून जातातच. म्हणून पाऊस लागायच्या आत जादा पाणी जाण्याच्या नळीची सोय करा. नळीच्या तोंडावरच जाळी बसवलीत तर पहिल्या सरीत तुंबेल. तोंडापासून वीतभर पुढे, बारीक जाळीचा अर्धगोल पिंजरा करा. गप्पी आणि गोल्डफिशही त्यानं अडतील. तेही इथले नव्हेत, त्यांनाही नाल्यात जायचं काम नाही.

माळ्याला मात्र स्पष्ट नाही म्हणा. जलपर्णीवर फवारतात ते तणनाशक बहुधा टू-फोर-डी. तुमच्या आजूबाजूला द्राक्षबागा आहेत, आणि त्या औषधाला द्राक्षवेलीइतकं नाजूक दुसरं पीक शोधून सापडायचं नाही. वाऱ्यानं नुसते तुषार गेले तरी नवी पानं पंख्यासारखी चुरमडून येतात. त्यात हे दिवस एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचे. वेलीवर कोवळ्या काड्या आहेत, पुढच्या हंगामाचे घड त्यांच्या डोळ्यांत आत्ता घडतायत. शेजाऱ्याशी डासांवरून बोलणी झालीच आहेत, त्यात बागेची नुकसानभरपाई कशाला? आणि समजा वारा पडलेला आहे, फवारणी नेमकी झाली. मेलेली जलपर्णी जाते कुठे? तळाला. तिथे कुजते, पाण्यातला उरलासुरला प्राणवायू संपवते आणि पुढच्या जलपर्णीचं खत होते. 126 चौरस फुटांचा हौद आहे तुमचा, गंगापूर धरण नाही. इथे हातच पुरे.

कोणीतरी तुम्हाला भुंग्यांचंही सांगेल. जलपर्णी खाणारे भुंगे आपल्या देशात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आणले गेले हे खरं. पण ते मोठ्या तलावांचं काम, आणि त्याला वर्षं लागतात. गवत्या मासाही सोडू नका. त्याला जलपर्णी फारशी आवडत नाही, तुमच्या कमळाचे कोवळे कोंब मात्र आवडतील.

टिकल्यांसारखं जे आहे ते डकवीड. जलपर्णीच्या मुळांना चिकटून आलं असणार. हे जलपर्णीपेक्षा चिवट, कारण उचलायला हातात काही येतच नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत दुप्पट. एका नर्सरीतून आणलेल्या लिलीच्या पानामागे दोन टिकल्या होत्या, मला दिसल्याही होत्या, म्हटलं गोड दिसतायत. त्या दोन टिकल्या पुढे दोन वर्षं काढत होते. शेवटी उपयोगी पडली ती जुनी सुती ओढणी. संध्याकाळचा वारा सगळं एका कोपऱ्यात लोटतो, तोपर्यंत थांबा. मग दोघींनी ओढणीची दोन-दोन टोकं धरायची, खालची कड पाण्यात चार बोटं बुडवायची आणि साडी पिळायला जातो तसं एकमेकींकडे येत कोपऱ्यात आवळायचं. उरलेलं पिठाच्या जुन्या चाळणीनं. काढून झाल्यावर कोपर, बांगड्या, चाळणीची कड सगळं बादलीत धुवा आणि ते पाणी हौदात नको, झाडाला ओता. एक टिकली बांगडीला चिकटून परत गेली की पुन्हा पहिल्यापासून. गोल्डफिशला हे खायला आवडतं. पृष्ठभाग मोकळा झाला की तेही मदतीला येतील.

कोपऱ्यातलं उंच गवत म्हणजे पाणकणीस. त्याचा कापूस वाऱ्यावर उडतो, त्यातूनच आलं असेल. उपटायला गेलात तर चिखलातली आडवी खोडं तुटतील आणि दुप्पट कोंब येतील. त्याला दुसरा उपाय आहे. पाणकणसाची चिखलातली खोडं श्वास घेतात ती वरच्या पोकळ पानांतून, अगदी वाळलेल्या पानांतूनसुद्धा. म्हणून पावसाळ्यात हौद काठोकाठ भरला की ते पाण्याखाली, जितकं खाली जाता येईल तितकं, विळ्यानं कापायचं. वर एकही बुडखा दिसता कामा नये. पाणी आत शिरतं आणि खोड गुदमरून कुजतं. नवा कोंब आला तर पुन्हा तसंच. दोन-तीन खेपांत दमतं.

आता हेच कमळाला उलटं लावा, कारण कमळाचा कंदही तसाच, पोकळ देठातून श्वास घेणारा. कमळाचं पिकलं पान काढताना देठ नेहमी पाण्याच्या वर, वीतभर राखून कापा. पाण्याखाली कापलंत तर तो कंद आपणच बुडवून मारतो. कदाचित हेच झालंही असेल, तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये.

कमळ का फुलत नाही, यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर तिथे आहे. कमळाला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं, आणि तुमच्याकडे त्याची पानं जलपर्णीच्या गर्दीतून वर यायलाच झगडतायत. तुम्ही शेणखत घालता ते पाण्यात. कमळ खातं चिखलातून. जलपर्णी आणि डकवीड खातात थेट पाण्यातून. म्हणजे पंगत तुम्ही कमळासाठी मांडता आणि जेवून जातात भलतेच. त्यात निर्माल्य, त्यात माशांना घातलेली शिळी पोळी. झेंडूची एक माळ कुजली तरी तिचं खतच होतं. रोपं कितीही काढलीत आणि हे वाढप चालू ठेवलंत, तर दिवाळीला मला असंच पत्र येईल. त्यामुळे आजपासून शेणखत बंद. निर्माल्य वेगळ्या कुंडीत, मातीखाली. गणपती हौदात विसर्जन करत असाल तर तोही बादलीत करा. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला, आणि जलपर्णी काढून होईपर्यंत घातलं नाही तरी ते उपाशी मरत नाहीत. हौद भरायला बोअरचं पाणी वापरत असाल तर एकदा तपासून घ्या. बागायती भागात त्यात नायट्रेट असू शकतं, म्हणजे तेही खतच. पावसात गच्चीचं पाणी हौदात वळवता आलं तर उत्तम, पहिल्या दोन सरी सोडून.

कमळाचा कंद मोकळ्या चिखलात लावला ही खरी चूक, आणि ती सगळेच करतात. कंद तळाशी पळत सुटतो. आत्ता मे महिन्यात मात्र त्याला हात लावू नका, वाढीची टोकं काचेसारखी तटकन मोडतात आणि मोडलेला कंद कुजतो. फेब्रुवारीत, थंडी ओसरताना, हौद उतरवा, कंद सोडवून घ्या आणि दीड-दोन फूट रुंदीच्या, तळाला भोक नसलेल्या गोल टबात लावा. गोलच हवा. चौकोनी टबात कंदाचं टोक कोपऱ्यात अडकून बसतं. उरलेली माती हौदातून काढून टाका, जलपर्णीचं बी त्यातच आहे. खत द्यायचं ते मग टबातल्या चिखलात, मातीच्या गोळ्यात बंद करून, खोलवर. हौदात यापुढे जे काही लावाल ते टबात किंवा कुंडीत. अळूसुद्धा. वडीसाठी म्हणून कडेला लावलेलं अळू दोन पावसाळ्यांत काठ कसा खातं, ते विचारायचं तर मला विचारा.

डासांचं शेजाऱ्यांना असं सांगा की काम सुरू झालंय. ते चूक बोलत नाहीत. गर्दीच्या पानांखाली गप्पी पोचत नाहीत, आणि काही जातींच्या डासांच्या अळ्या तर पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून तिथूनच श्वास घेतात. पाणी निम्म्याहून जास्त मोकळं दिसायला लागलं की गप्पी त्यांचं काम करतील. रॉकेल ओतू नका, कोणी सुचवलं तरी.

तीन हप्त्यांची सफाई झाली की पुढे दर रविवारी पंधरा मिनिटं. चहाचा कप घेऊन हौदाला एक फेरी मारायची, दिसेल ते उचलायचं. एखादा रविवार हुकला तर चालतं, चार हुकले तर नाही. आणि नवं रोप कोणीही दिलं, मी दिलं तरी, आधी मुळं तीन पाण्यांत धुऊन ते दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. बादलीत टिकल्या उगवल्या तर बादलीतच निस्तरता येतं.

आता विहीणबाई. खोटं बोलू नका, "उन्हानं गेली" म्हणालात तर जुलैत पुन्हा दोन आणून देतील. त्यांना माशांचं सांगा, मेलेल्या तिघांसकट. आणि जेवताना व्याह्यांच्या कानावर शेततळ्याचा विषय घाला. जलपर्णीच्या मुळांचे तुकडे पंपातून आले की ठिबकचा फिल्टर वरचेवर चोंदतो. बागायतदाराला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही, बहुतेक त्या दिवशीच तळ्यावर माणूस जाईल. त्यांना जाताना रिकाम्या हातानं पाठवू नका. वेखंडाची दोन रोपं कुंडीत देता येतील; काठावर शहाण्यासारखं वाढतं.

तुम्हाला जांभळट फूलच हवं असेल तर निळं कुमुद आणा. ते आपलंच आहे, आपल्या तळ्यांत पूर्वीपासून असलेलं. कुंडीत लावा, पानांनी निम्मं पाणी झाकलं की जादा पानं काढत जा. विहीणबाई येतील तेव्हा तेच दाखवा. फक्त त्यांना चहाला न बोलावता जेवायला बोलवा, कारण हे फूल सकाळी उमलतं आणि दुपार कलली की मिटायला लागतं.